एका अणूच्या जाडीचं नाणं कसं वाजवायचं?

मराठीत भरवशाच्या माणसाला आपण 'खणखणीत नाणं' म्हणतो. या शब्दामागे एक अख्खा व्यवहार आहे. तो आता कुणी करत नाही, म्हणून तरुण वाचकांना तो सांगावा लागतो. चांदीचा रुपया हातात आला की सराफ तो दगडावर टाकायचा. चांगला रुपया स्वच्छ वाजायचा आणि त्याचा नाद थोडा वेळ टिकायचा. शिसं मिसळलेला किंवा आतून कोरून भरलेला रुपया बद्द वाजायचा. नाणं कापावं लागत नसे की वितळवावं लागत नसे. आत काय आहे ते नाणं स्वतःच सांगायचं, फक्त त्याला बोलतं करावं लागायचं.

आमच्या भागात ही विद्या गरजेची होती. महागाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं, आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. इंग्रजी अमलात नदीच्या अलीकडे वऱ्हाड होतं आणि पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. अलीकडे कलदार रुपया चालायचा, पलीकडे हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशोब असे. दोन राज्यांची नाणी चालतात त्या मुलखात प्रत्येक व्यवहार म्हणजे एक परीक्षा असते. 'सराफ' हा शब्दसुद्धा अरबीतून आपल्याकडे आला आणि इतका मुरला की तो परका आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या टांकसाळीचं वर्णन केलं आहे. त्यात धातू पारखणाऱ्या सराफाची जागा स्वतंत्र सांगितली आहे आणि सोन्याचा कस बघण्याच्या 'बनवारी' पद्धतीवर वेगळं प्रकरण लिहिलं आहे. पारख हे त्या काळी सरकारी खातं होतं.

त्याच्याही मागे गेलं तर अल-बिरुनी भेटतो. ९७३मध्ये ख्वारिज्ममध्ये जन्मलेला हा माणूस आपल्याकडे 'किताब-उल-हिंद'मुळे माहीत आहे. पण त्याचं एक काम कमी लोकांना ठाऊक असतं. त्याने तोटी असलेलं एक शंकूच्या आकाराचं भांडं बनवलं. ते पाण्याने काठोकाठ भरायचं, त्यात रत्न किंवा धातूचा तुकडा सोडायचा आणि तोटीतून सांडलेलं पाणी तोलायचं. तुकड्याचं वजन आणि सांडलेल्या पाण्याचं वजन यांच्या प्रमाणावरून तो पदार्थ कोणता, शुद्ध की भेसळीचा, हे ठरायचं. ही आकडेवारी पुढे अल-खाझिनीने आपल्या ग्रंथात घेतली. खाझिनी मूळचा ग्रीक गुलाम, नंतर मुक्त झालेला. मर्व शहरात सेल्जुक सुलतान संजरच्या काळात, ११२१च्या सुमारास त्याने 'मीजान-उल-हिकमा', म्हणजे 'शहाणपणाचा तराजू' हा ग्रंथ लिहिला. दागिना न मोडता त्यातलं सोनं किती आणि चांदी किती हे तराजूवर सांगता यावं, हा त्यातला एक मोठा विषय. मीजान हा शब्द आपल्या घरांत सूरह रहमानमुळे ओळखीचा आहे. खाझिनीसाठी तो रोजच्या कामाचं अवजार होता.

या सगळ्याची आठवण मला एका फार वेगळ्या गोष्टीमुळे झाली. जगातल्या काही मोजक्या प्रयोगशाळांत सध्या अशा वस्तूंची पारख चालू आहे, ज्यांची जाडी एका अणूइतकी असते. त्यांना कापणं, तोलणं, पाण्यात बुडवणं यांतलं काहीच शक्य नाही. तिथेही शेवटी उपाय सापडला तो सराफाचाच. वस्तू वाजवायची आणि ऐकायचं. त्या वाजवण्याचा हा इतिहास, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या पातळ पदरांची चवड. पदर एकमेकांना घट्ट चिकटलेले नसतात, म्हणूनच पेन्सिल कागदावर उमटते. २००४मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने हे पदर सोलत सोलत एकच पदर वेगळा करून दाखवला. त्याला ग्राफीन म्हणतात. २०१०मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग अशा पदरांची रांगच लागली. त्यांना द्विमितीय पदार्थ म्हणतात, कारण त्यांना लांबी-रुंदी आहे, पण जाडी नावापुरती. तीन लाख पदर एकावर एक ठेवले तर मिलिमीटरचा दहावा भाग भरेल. शिवाय प्रयोगात वापरायचा तुकडा काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतो.

यांतले काही पदर अतिसंवाहक होतात. अतिसंवाहक म्हणजे ज्यातून वीज कुठल्याही अडथळ्याविना वाहते तो पदार्थ. १९११मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा थंड करत करत शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर नेला, तेव्हा त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झाला. ही घटना म्हणजे या शास्त्राचा जन्म.

पण पारख करणाऱ्याच्या दृष्टीने इथेच अडचण सुरू झाली. शून्य हा मुका आकडा आहे. रोध शून्य झाला म्हणजे पदार्थ अतिसंवाहक झाला एवढं कळतं. पण आत किती इलेक्ट्रॉन या कामाला लागले, त्यांची एकजूट किती पक्की आहे, ती सगळ्या दिशांना सारखी आहे की नाही, हे शून्याकडे कितीही वेळ बघून कळत नाही. चांगला रुपया आणि फार चांगला रुपया यांत फरक करायचा तर फक्त 'चालतो' एवढं उत्तर पुरत नाही.

ही कोंडी फोडणाऱ्यांत दोन भाऊ होते, फ्रिट्झ आणि हाइन्झ लंडन. आडनाव लंडन, पण माणसं जर्मनीतली आणि ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर दोघांना देश सोडावा लागला. ऑक्सफर्डमध्ये आश्रय घेऊन १९३५मध्ये त्यांनी अतिसंवाहकाची समीकरणं मांडली. त्यांतून दिसलं की अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो, पण अगदी पृष्ठभागापाशी ते थोडं आत शिरतं. किती खोल शिरतं यावरून आत किती इलेक्ट्रॉन एकजुटीने वाहत आहेत हे काढता येतं. म्हणजे मोजायचं काय ते ठरलं. मोजायचं कसं, हे उरलं.

धाकटा भाऊ हाइन्झ प्रयोग करणारा होता. त्याने कथिलाच्या अतिसंवाहकाला सरळ वाहणाऱ्या विजेऐवजी सेकंदाला सुमारे दीड अब्ज वेळा दिशा बदलणारी वीज दिली. १९४०मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरळ विजेला जो रोध एका क्षणात शून्य होतो, तो या वेगाने हलणाऱ्या विजेला मात्र हळूहळू कमी होत जातो. कारण आत दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन असतात, एकजुटीत सामील झालेले आणि न झालेले. सरळ विजेच्या वाटेत सामील झालेलेच सगळं ओझं उचलतात आणि बाकीचे लपून राहतात. वीज वेगाने मागेपुढे हलवली की लपलेलेही उघडे पडतात. मुका शून्य बोलू लागला. त्याच वर्षी इंग्लंडने हाइन्झला 'शत्रू देशाचा नागरिक' ठरवून काही काळ स्थानबद्ध केलं. ज्या राजवटीने त्याला ज्यू म्हणून हाकललं, तिचाच माणूस म्हणून त्याच्यावर संशय घेतला गेला. नागरिकत्वाच्या कागदांवरून माणसाची पारख करणाऱ्यांचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या वेगाने हलणाऱ्या लहरींना मायक्रोवेव्ह म्हणतात. आपल्या देशात त्यांचा इतिहास जुना आहे. १८९५मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात बिनतारी लहरींनी दूरवर घंटा वाजवून दाखवली होती. त्यांनी पुढे वापरलेल्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी याच घराण्यातल्या. पण मायक्रोवेव्ह सहज हाताशी आल्या त्या दुसऱ्या महायुद्धामुळे. शत्रूची विमानं शोधण्यासाठी रडार लागलं आणि रडारसाठी मायक्रोवेव्हची यंत्रं ढिगाने बनली. युद्ध संपल्यावर रडारवर काम केलेला ब्रायन पिपर्ड हा तरुण केंब्रिजला परतला आणि ती विद्या त्याने अतिसंवाहकांकडे वळवली. त्याने कथिल आणि पारा यांना थेट मायक्रोवेव्ह रेझोनेटरचा भाग बनवलं. म्हणजे नाणं दगडावर आपटण्याऐवजी त्याने नाण्याचीच घंटा केली. १९५३मध्ये त्याने कथिलात थोडं थोडं इंडियम मिसळून पाहिलं. अतिसंवाहक होण्याचं तापमान फारसं बदललं नाही, पण चुंबकीय क्षेत्र आत शिरण्याची खोली चांगलीच बदलली. त्यावरून त्याने ओळखलं की आतले इलेक्ट्रॉन एकेकटे वागत नाहीत, ठरावीक अंतरापर्यंत ते एकमेकांशी बांधलेले असतात. चार वर्षांनी, १९५७मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी या बांधिलकीचं कारण सांगितलं. इलेक्ट्रॉन जोड्यांनी चालतात. त्या सिद्धांताला नोबेल मिळालं. पिपर्डचे मार्गदर्शक डेव्हिड शोएनबर्ग १९५३-५४मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत युनेस्कोतर्फे आले होते आणि तिथलं अतिथंड तापमानाचं काम उभं करायला त्यांनी मदत केली होती.

आता हे वाजवणं नेमकं काय आहे ते बघू. रेझोनेटर म्हणजे ठरावीक सुरात वाजणारी वस्तू. विजेच्या रेझोनेटरमध्ये दोन गुण असतात. एक, वीज साठवून ठेवण्याची क्षमता. दुसरा, वाहत्या विजेची दिशा बदलायला होणारा विरोध, ज्याला प्रवर्तकता म्हणतात. या दोहोंच्या गुणाकारावरून सूर ठरतो. गुणाकार वाढला की सूर खाली उतरतो.

यात अतिसंवाहक पदर जोडला की काय होतं? कापसाने भरलेली बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. रस्ता सपाट आहे आणि चाकांना घर्षण अजिबात नाही असं समजा. एकदा चालू लागलेली गाडी ओढायला जोर लागणार नाही. हा झाला शून्य रोध. पण तीच गाडी क्षणाक्षणाला पुढे आणि मागे न्यायची म्हटलं तर तिचं ओझं लगेच जाणवेल. समजा, ठरावीक वेळात ठरावीक कापूस जिनिंगला पोचवायचा आहे आणि गाड्या थोड्याच आहेत. मग प्रत्येक गाडी जास्त वेगाने पळवावी लागेल आणि तिला उलट फिरवणं आणखी अवघड होईल. इलेक्ट्रॉनच्या जोड्यांचंही तसंच आहे. जोड्या जितक्या कमी, तितका दिशा बदलायला विरोध जास्त. या विरोधाला गतिज प्रवर्तकता म्हणतात. पदर रेझोनेटरला जोडला की ही प्रवर्तकता त्यात मिळते आणि सूर उतरतो. किती उतरला ते मोजलं की जोड्यांची एकजूट किती ताठ आहे हे कळतं. जाड अतिसंवाहकात हा विरोध इतका लहान असतो की तो शोधावा लागतो. पण एका अणूच्या पदरात वाहणारे इलेक्ट्रॉनच थोडे, म्हणून तिथे तो मोठा असतो. वस्तूचं नगण्य असणं हीच इथे पारख करणाऱ्याची सोय होते.

आता प्रश्न रेझोनेटरचा. सराफाला दगड कठीण लागतो. गोणपाटावर टाकलेला अस्सल रुपयाही बद्दच वाजतो. चिपवर बसेल एवढा लहान रेझोनेटर तांब्याचा केला तर लहर लवकर विझते. सूर नेमका कुठे आहे ते कळायच्या आधी नाद संपलेला असतो. म्हणून रेझोनेटरच अतिसंवाहकाचा करतात, अॅल्युमिनियमचा किंवा नायोबियमचा. चांगला बनवला तर तो लाखभर हेलकावे घेईपर्यंत टिकतो आणि सुरातला हजारावा भाग सरकला तरी पकडता येतो. त्याचा सूर सेकंदाला चार ते आठ अब्ज कंपनांचा असतो, म्हणजे आपल्या घरातल्या वायफायच्या आसपासचा. पण वायफायच्या खोलीत हे जमणार नाही. खोलीच्या उष्णतेचा स्वतःचाच गोंगाट एवढा असतो की ती कुजबुज ऐकू येणार नाही. म्हणून सगळं साहित्य हीलियमच्या विशेष शीतयंत्रात निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दोन शतांश अंशावर ठेवतात. तिथे उष्णतेचा गोंगाट जवळजवळ थांबतो.

या तयारीचं फळ नुकतंच दिसलं. २०१८मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटाने ग्राफीनचे दोन पदर एकमेकांवर सुमारे १.१ अंशाने पिळून ठेवले आणि ती जोडी अतिसंवाहक झाली. एकटा पदर असं काही करत नाही. जगभर खळबळ उडाली, पण पुन्हा तोच मुका शून्य आडवा आला. हा साधा, १९५७च्या सिद्धांतात बसणारा अतिसंवाहक की काही वेगळाच? फेब्रुवारी २०२५मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकत्र आले. एमआयटीच्या गटाने दोन पदरांचं आणि हार्वर्डच्या गटाने तीन पदरांचं पिळलेलं ग्राफीन अतिसंवाहक मायक्रोवेव्ह रेझोनेटरला जोडून वाजवलं होतं. दोन पदरांत एकजुटीचा ताठपणा नेहमीच्या गणितापेक्षा सुमारे दहापट निघाला. तापमान वाढवत नेल्यावर तो ज्या रीतीने कमी झाला, तीही साध्या अतिसंवाहकासारखी नव्हती. जोड्यांची बांधणी सगळ्या दिशांना सारखी नाही, असा त्याचा अर्थ. नाणं अस्सल निघालं, पण ओळखीच्या कुठल्याच टांकसाळीचं नव्हतं.

आता मुंबईकडे येतो. कुलाब्याला नेव्ही नगरात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी १९४५मध्ये सुरू केलेली ही संस्था लोकांना टीआयएफआर या नावाने माहीत आहे. अतिसंवाहक वाजवण्याचं कसब तिथे बऱ्याच वर्षांपासून आहे. तिथे कणांना वेग देणारं पेलेट्रॉन यंत्र १९८८मध्ये सुरू झालं. त्याला जोड म्हणून पुढे अतिसंवाहक रेझोनेटरांची माळ बांधली गेली. तांब्याच्या पोकळ्या, त्यांच्यावर शिशाचा दोन मायक्रॉनचा मुलामा, असे अठ्ठावीस रेझोनेटर सात थंड टाक्यांत बसवले. २००७मध्ये ती माळ संशोधकांना वापरायला मिळाली. ते रेझोनेटर पदार्थ पारखण्यासाठी नव्हते, कणांना धक्का देण्यासाठी होते आणि त्यांचा सूरही मायक्रोवेव्हच्या खाली होता. पण नाद टिकवायचा तर पृष्ठभाग किती निर्मळ लागतो आणि थंडी किती काटेकोर सांभाळावी लागते, हे धडे तेच. नव्या अतिसंवाहकांचा शोधही याच संस्थेत लागला. १९९४मध्ये निकेल, बोरॉन, कार्बन आणि इट्रियम यांच्या मिश्रणातली अतिसंवाहकता आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी जाहीर केली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत झाकिर हुसेन हे नाव तिसरं आहे. पुढे ते आयआयटी कानपूरमध्ये प्राध्यापक झाले.

द्विमितीय पदार्थांचा धागा मंदार देशमुख यांच्या गटाने धरला. त्यांचे विद्यार्थी विभोर सिंग टीआयएफआरमधून नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला गेले. २०१४मध्ये तिथल्या गटाने ग्राफीनच्या काही पदरांचं एक सूक्ष्म ढोलकं अतिसंवाहक मायक्रोवेव्ह रेझोनेटरवर ताणून बसवलं. ढोलकं थरथरलं की रेझोनेटरचा सूर हलतो. अणूच्या व्यासाच्या काही हजाराव्या भागाइतकी थरथरही त्यातून ऐकू आली. विभोर सिंग आता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत.

२०२२मध्ये कुलाब्यातच एक पाऊल पुढे पडलं. देशमुख यांचा गट आणि आर. विजय यांचा गट यांनी मिळून ग्राफीनला वाजवण्याची वस्तू न ठेवता वाद्याचाच भाग केलं. अतिसंवाहकाच्या दोन टोकांमध्ये ग्राफीनचा तुकडा बसवला आणि तो जोड रेझोनेटरमध्ये घातला. ग्राफीनला बाहेरून थोडा विद्युतदाब दिला की रेझोनेटरचा सूर बदलतो, तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा. पूर्वी यासाठी चुंबकीय क्षेत्र लागायचं आणि त्याचा शेजारच्या नाजूक उपकरणांना त्रास व्हायचा. या यंत्राने अतिशय क्षीण मायक्रोवेव्ह संकेत शंभरपटीहून अधिक मोठा करून दाखवला, आणि त्यात निसर्गनियमाने टाळता न येणाऱ्या गोंगाटाहून फारशी भर पडू दिली नाही. 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'मध्ये तो निबंध आला, त्याच सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या गटाचाही तसाच निबंध आला. लेखकांच्या यादीत मुंबईकरांबरोबर जपानच्या त्सुकुबा शहरातले केंजी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची आहेत. ग्राफीनला खालून-वरून झाकायला जे निर्मळ बोरॉन नायट्राइड लागतं, ते हे दोघे जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवतात. २०२४मध्ये टीआयएफआर आणि संरक्षण संशोधन संस्थेची पुण्यातली प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. क्यूबिट वाचायचे ते मायक्रोवेव्ह रेझोनेटर वाजवूनच.

हा इतिहास इथे का लिहिला, ते सांगतो. विज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं: हे आमच्याकडे आधीच होतं. ते मंदिरासमोर ऐकू येतं आणि मशिदीसमोरही. कुणी पुष्पक विमान सांगतो, कुणी प्रत्येक शोधाची आयत शोधतो. मग बिरुनीचं नाव मिरवलं जातं. मला बिरुनीचा अभिमान आहे, पण तो काय करत होता हे विसरून नाही. तो सांडलेलं पाणी तोलत होता. त्याचा आकडा आज टिकतो, कारण दुसऱ्या कुणालाही तेच पाणी पुन्हा तोलून बघता येतं. वारसा सांगणं म्हणजे नाणं खिशात ठेवून ते खणखणीत आहे अशी शपथ घेणं. बिरुनी आणि खाझिनी यांची परंपरा शपथेची नाही, दगडावर टाकून बघण्याची आहे. त्या अर्थाने कुलाब्यात रात्री शीतयंत्राशेजारी बसून सूर मोजणारी मुलं-मुली, त्यांचा धर्म कुठलाही असो, त्यांची खरी वारस आहेत.

पण या वारसांत आपली मुलं किती? सच्चर समितीने २००६मध्ये जे लिहिलं ते वारंवार वाचावं असं आहे. देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुस्लिम होता आणि पदव्युत्तरला दर पन्नासांत एक. लोकसंख्येतला आपला वाटा तेव्हा तेरा टक्क्यांच्या वर होता. हा आकडा पाहून दोन तऱ्हेची माणसं लगेच निकाल देतात. बाहेरचे म्हणतात, यांना शिकायचंच नसतं. आतले म्हणतात, शिकून तरी कुठे घेणार आहेत आपल्याला! दोघांनीही नाणं बद्द वाजताना ऐकलं आणि ते खोटं ठरवलं. ते कशावर टाकलं होतं, हे कुणी पाहिलं नाही.

ज्या शाळेत प्रयोगशाळेचं कुलूप फक्त तपासणीच्या दिवशी उघडतं, तिथे पोरीला भौतिकशास्त्र आवडतं की नाही हे कळणार कसं? दहावीनंतर पोरगा गॅरेजवर बसतो आणि तिथे न शिकता मोटारीचं वायरिंग लावतो. ती हुशारी कुठल्या गुणपत्रिकेत वाजते? महागाव तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, मग तो मुसलमान असो, बंजारा असो की कुणबी, पोरांना ज्या दगडावर टाकतो तो त्याने निवडलेला नसतो. अतिसंवाहक रेझोनेटर बनवणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक असतं. सूर ऐकू आला नाही तर ते आधी आपलं यंत्र तपासतात, नमुन्याला दोष नंतर देतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या अंजुमनांनी आणि मशिदींच्या कमिट्यांनी सत्काराच्या शालींवर जो पैसा घालवला जातो, त्यातला थोडा शाळेच्या प्रयोगशाळेकडे वळवावा. जकातीचे नियम पाळून गरजू मुलांची फी आणि प्रवासखर्चही निघू शकतो. वाटा आहेत, त्या माहीत करून घ्याव्यात. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र टीआयएफआरचाच भाग आहे आणि त्यांनी मराठीतूनही विज्ञान शिक्षणाचं काम केलं आहे. टीआयएफआर उन्हाळ्यात महाविद्यालयीन मुलांना संशोधन बघायला बोलावते. तिथे पीएचडीसाठी प्रवेशपरीक्षा असते आणि निवड झाली की विद्यावेतन मिळतं. बाप कोण आणि गाव कुठलं, हे त्या प्रश्नपत्रिकेत विचारत नाहीत. मात्र त्या परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचायला आधीची पंधरा वर्षं लागतात, आणि ती पंधरा वर्षं महागावात जातात, कुलाब्यात नाही.

आमच्या बाजारात आता चांदीचे रुपये चालत नाहीत आणि सराफाच्या दुकानात सोन्याचा कस यंत्र सांगतं. पण शाळा सगळ्या जागच्या जागी आहेत. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबद्दल विचारण्याआधी एकच प्रश्न विचारून बघा. विज्ञानाची प्रयोगशाळा या वर्षी किती दिवस उघडी होती?